शेजारच्या पेशीत

१२ जानेवारी, सोमवार

माणसांशी भांडायचा आजचा कोटा दुपारीच संपला, म्हणून उरलेलं इथे.

पहिलं भांडण प्रसूतिगृहाच्या दारावरच्या बाईशी. ठमीसाठी दोन संत्री नेली होती. बाई म्हणे, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, संसर्ग होतो. म्हटलं, अहो, सालीच्या आत आहेत ती. तर म्हणे, साल असो की नसो. शेवटी तिच्या टेबलावर ठेवून गेले. परत येताना बघते तर साली होत्या, संत्री नव्हती.

ठमी चौतिशीला आली तरी घरात अजून ठमीच. गेला महिनाभर तिथे आडवी आहे. सातवा चालू आहे, वार खाली आहे, उठायचं नाही, वाकायचं नाही, जोरात हसायचं नाही. तिच्यासारख्या सहाजणी त्या खोलीत छताकडे बघत पडलेल्या असतात. सकाळी ब्रेड आणि अंडं, दुपारी सूप, चार वाजता पोषण म्हणून गार मिल्कशेक. ठमी म्हणते, ताई, इथे दिवस म्हणजे दोन जेवणांमधलं अंतर.

दुसरं भांडण तिच्या नवऱ्याशी. त्याचं गाद्यांचं दुकान आहे, म्हणून माझ्यापुरता तो गादीवाला. बायकोजवळ बसायचं सोडून प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारपूस करत हिंडतो, मतं मागायला आलेल्या उमेदवारासारखा. समोरच्या खाटेवर शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या नवऱ्याशी तर याची आता गळामिठी. मी म्हटलं, "जरा हिच्याजवळ बसा की." तर हसून, "ताई, हिच्याजवळ तुम्ही आहात ना! खुर्ची एकच आहे."

ठमीने विचारलं, तुझे जंतू काय म्हणतायत? मग तिला चादर ताणून धरायला लावली. सांगितलं, ही पेशीची भिंत. माझं बोट म्हणजे आत शिरलेला माझा जंतू, लिस्टेरिया. त्याला स्वतःला धड चालता येत नाही. पेशीत ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं, पेशीचा आकार त्याच्यावर उभा असतो. हा ते पळवतो, आपल्या पाठीमागे त्याची शेपटी रचून घेतो आणि तिच्या रेट्याने पुढे सरकतो. पण भिंत ताठ असली तर रेटून काय उपयोग? म्हणून आधी एक प्रथिन सोडतो. पेशीत भिंतीचा ताण सांभाळणारं एक प्रथिन असतं, त्यालाच ते जाऊन चिकटतं. "आता चादर सैल सोड." तिने सोडली. माझं बोट तंबूच्या खांबासारखं वर आलं. "आणि शेजारची पेशी हे बोट गिळते. झाला हा पलीकडे. बाहेर आलाच नाही, त्यामुळे पहारेकऱ्यांना दिसलाच नाही."

ठमी म्हणाली, "हरामखोर आहे." आणि जोरात हसली. मग नर्स आम्हाला ओरडली.

१५ जानेवारी, गुरुवार

ठमीला ताप. कंबर धरली आहे, अंग मोडून आलंय.

मोठे डॉक्टर येऊन गेले. इथे सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणतात. लहान डॉक्टर कोण ते मला अजून कळलेलं नाही. हात न लावता म्हणाले, "व्हायरल आहे. सगळीकडे चालू आहे."

मी म्हटलं, रक्त पाठवा. नुसतं मोजायला नको, जंतू वाढतो का ते बघायला.

"तुम्ही डॉक्टर का?"

"पीएचडी आहे. पेशींवर काम करते."

"म्हणजे तुम्ही पेशींच्या डॉक्टर. मी माणसांचा." नर्स हसली. त्यांना तेवढं पुरे होतं. जाता जाता ठमीच्या पायावर थोपटून म्हणाले, "पहिलटकरणी घाबरतात. आणि त्यांच्या बहिणी त्याहून जास्त."

या माणसाच्या टेबलावर मी काहीतरी आपटणार आहे. काय ते अजून ठरलेलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

ताप तसाच. आज इंजेक्शन सुरू केलं. कुठलं ते विचारलं, तर आधी सांगेनात. मग नर्सच्या ट्रेमधून बाटली उचलून मीच वाचली. चांगलं औषध आहे, पुष्कळ जंतूंना मारतं. लिस्टेरियाला मात्र काही करत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. त्या कुळातलं औषध घातलेल्या ताटलीवर हा जंतू मजेत वाढलेला मी बघितला आहे.

डॉक्टरांना गाठून सांगितलं, गरोदर बाई, ताप, कंबरदुखी, त्याचा विचार करायलाच हवा. ते म्हणाले, "तुम्ही दिवसभर तेच बघता, म्हणून तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं."

मी आवाज चढवला. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. बघू देत.

संध्याकाळी रक्त घेतलं गेलं. ओरडल्याशिवाय या जगात काही होत नाही. गादीवाला तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत होता, कितीतरी वेळ. माझ्या वागण्याबद्दल माफी मागत असणार. बाहेर आला तो डोळे लाल करून. मला बघून म्हणाला, "झालं ताई, पाठवतायत." जसं काही यानेच केलं!

१८ जानेवारी, रविवार

लिस्टेरिया.

माझं खरं ठरलं. खोटं ठरलं असतं तर त्या माणसाचे पाय धुतले असते मी.

औषध आज बदललं. दोन दिवस फुकट गेले, दोन दिवस! बाळ कमी हलतंय असं ठमी म्हणते. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. आज दार लावून घेतलं, पाणी विचारलं. मला वाटलं, आता निदान चुकल्याचं कबूल करतील. तर म्हणाले, "तुम्ही नेमक्या कुठल्या जंतूवर काम करता म्हणालात?"

मी सांगितलं.

"आणि रोज इथे येता. थेट तिथून."

मला समजायला एक क्षण लागला. मग खुर्ची मागे पडली. मी ढकलली की आपोआप पडली, आठवत नाही. म्हटलं, माझा कोट तिथे राहतो, बूट तिथे राहतात, हात धुऊन कातडी गेली आहे माझी. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मी कुठे आरोप करतोय? शक्यता तपासायला हव्यात. त्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात."

घरी न येता आधी प्रयोगशाळेत गेले. सुट्टीमुळे कोणी नव्हतं. पर्सचा पट्टा, घड्याळाच्या कडा, बुटांचे तळवे, केसातला चाप, सगळ्यावरून कापूस फिरवला आणि ताटल्यांवर ओढला. रागाने केलं असं इथे लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? भीती वाटली म्हणून केलं.

१९ जानेवारी, सोमवार

बाळाचे ठोके बिघडले म्हणून घाईने ऑपरेशन. मुलगा. रडला नाही. काचेच्या पेटीत नेला, नळ्या घातल्या. अंगावर बारीक पुरळ आहे. त्याचा अर्थ मला माहीत आहे. कोणी विचारला नाही, मी सांगितला नाही.

वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून एकसंध झालेल्या असतात. आई आणि बाळाच्या मधला तो पडदा. इतर जंतूंना तो सहसा ओलांडता येत नाही. हा त्यातूनही जातो, आमचंच प्रथिन पाठीला लावून. बारा वर्षं संगणकाच्या पडद्यावर बघते आहे मी. हिरवा ठिपका, मागे लांब शेपटी. परिषदेत ही फिल्म दाखवली की मागच्या रांगेतून हमखास "वा!" असं ऐकू येतं.

आज मला त्या प्रत्येकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. मीसुद्धा म्हटलंय "वा".

२१ जानेवारी, बुधवार

आईचा फोन. ती गुडघ्यांमुळे येऊ शकत नाही, त्यामुळे सगळं फोनवर ऐकते आणि सगळं निम्मं ऐकते. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "अगं, एक विचारू? रागावू नकोस."

"नाही रागावत."

"तुझ्या हातून काही... म्हणजे कपड्यांना लागून वगैरे..."

मी फोन ठेवला. परत आला तो उचलला नाही. परका माणूस बोलला तर भांडता येतं. आईशी काय करायचं?

ताटल्यांवर काही उगवलं नाही. पण मीच घेतलेले कापूस, मीच ओढलेल्या ताटल्या. मला स्वतःला तरी ते पुरेसं आहे का?

मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, साठीला आलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. म्हटलं, ठमीच्या रक्तातला जंतू मिळवते. आपल्या जंतूशी त्याची जनुकं ताडून बघू, दोन दिवसांत निकाल लागेल.

म्हणाल्या, "इथे नाही."

"का?"

"आपणच तपासायचं आणि आपणच सुटायचं? कोण मानेल?"

"मी मानीन!"

"तू रडशील आणि मानशील. बाकीचे हसतील." आणि संगणकाकडे वळल्या.

भित्री बाई. परवाना जाईल म्हणून टरकली आहे. सही करायची वेळ आली की या लोकांचा कणा कुठे जातो?

जाताना ऐकलं, आपला जंतू सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवायचा, ठमीचा तिकडून मागवायचा, असं काहीतरी त्या फोनवर सांगत होत्या. म्हणजे आता आम्हाला सरकारच्या तोंडी देणार.

२४ जानेवारी, शनिवार

बाळ गेलं. सकाळी. ठमीच्या हातात दिलं होतं तेव्हा.

त्याचे कान गादीवाल्यासारखे होते.

२९ जानेवारी, गुरुवार

मध्ये काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

ठमीचे टाके भरलेले नाहीत आणि ताप पुरता उतरलेला नाही, म्हणून अजून तिथेच आहे. फक्त आता वेगळ्या मजल्यावर, जिथून बाळांचं रडणं ऐकू येत नाही. ती बोलत नाही. मी बोलते. मी तिला सगळं सांगितलं: कुठलं औषध द्यायला हवं होतं, कधी द्यायला हवं होतं, दोन दिवसांत तो किती पेशी पार करतो. कोण दोषी आहे ते तिला कळायला हवं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, उशी जरा वर करतेस?" उशी वर केली आणि पुढचं सांगितलं.

प्रसूतिगृहाने दारावर सूचना लावली आहे. "एका रुग्णाच्या नातेवाइकांच्या कामाच्या ठिकाणाशी असलेला संबंध तपासला जात आहे. इतर रुग्णांनी काळजी करू नये." मी ती फाडली. नवीन लावली. तीही फाडली. दारावरच्या बाईने बघितलं आणि काही बोलली नाही. संत्री खाणाऱ्या माणसाला तेवढी तरी जाण असावी.

गादीवाला आज दिसलाच नाही. बायको अशी पडलेली आणि हा खालच्या मजल्यावर, त्याच जुन्या खोलीत, गप्पा मारत बसतो असं नर्स म्हणाली. पोटुश्या बायकांच्या खोलीत जाऊन बसायला याला जीव तरी कसा होतो!

३० जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी प्रयोगशाळेत होते. गादीवाल्याचा फोन. धापा टाकत होता. "ताई, लगेच या. गणिताच्या बाईंना ताप आलाय. कंबर दुखतेय. डॉक्टर म्हणतायत व्हायरल."

मी गेले. तो दारातच होता. मला जिन्याने ओढतच नेलं आणि चालता चालता बोलत होता. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं, विनोदाशिवाय.

"मी सगळ्यांना विचारलंय. पहिल्यापासून विचारतोय. दुसऱ्या खोलीतल्या एकीला डिसेंबरात ताप आला होता, पाचव्या महिन्यात बाळ गेलं, घरी पाठवलं, कोणी काही तपासलं नाही. तिच्या घरी जाऊन आलो. बाहेरचं कोणीच काही खात नाही इथे, तुम्हाला माहीत आहे. सूप उकळतात. अंडी उकडतात. ती बाई, ठमी आणि या, तिघी तो गार मिल्कशेक रोज पीत होत्या. बाकीच्या बहुतेक जणी पीत नाहीत, त्यांना मळमळतं. ठमी तर शेजारणीचाही प्यायची."

मी जिन्यातच थांबले. म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो, ताई. दोनदा. तुम्ही बोलत होतात."

मग मी ओरडले. आयुष्यात एवढी ओरडले नसेन. पण यावेळी एकटी नव्हते. गणिताच्या बाईंचा नवरा होता, गादीवाला होता, आणि त्या बाई स्वतः, एकशे तीन ताप अंगात घेऊन, उठून बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "रक्त घ्या आणि हिने सांगितलेलं औषध आत्ता सुरू करा. वाट बघायची असेल तर तसं कागदावर लिहून द्या." डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही रुग्णांना भडकवताय." मी म्हटलं, हो.

औषध सुरू झालं. मी बाटली वाचली.

१ फेब्रुवारी, रविवार

त्यांच्याही रक्तात तोच. बाईंचा ताप उतरतोय, बाळाचे ठोके चांगले आहेत.

आरोग्य खात्याची माणसं आली होती. मिल्कशेकचं यंत्र उघडलं. बाहेरून चकचकीत. आत, जिथून शेक बाहेर पडतो तिथे रबराची एक कडी असते. ती काढली तर मागे पिवळट थर, बोटाने खरवडून निघेल एवढा. कडी काढून धुवायची असते हे कोणी कधी केलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, कडी निघते हेच माहीत नव्हतं. थंडीत बाकीचे जंतू गारठतात. हा फ्रिजमध्येही वाढत राहतो.

संत्री बाहेर ठेवायला लावली यांनी. संत्री!

९ फेब्रुवारी, सोमवार

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल. ठमीचा, गणिताच्या बाईंचा आणि रबरी कडीवरचा जंतू एकच. आमचा पूर्णपणे वेगळा, दुसऱ्याच घराण्यातला.

मॅडमनी मला बोलावून अहवाल हातात दिला. "आता कोणी हसणार नाही," म्हणाल्या. आमचा जंतू त्यांनी स्वतः नेऊन दिला होता, स्वतःच्या सहीने. उलट निघालं असतं तर सगळ्यात आधी त्या घरी गेल्या असत्या. एकवीस तारखेला मी त्यांच्याबद्दल इथे काय लिहिलंय ते वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. माझं आहे ते, राहू दे.

आईला फोन केला. अहवाल वाचून दाखवला, एकेक शब्द. ती रडायला लागली. म्हणाली, "मी विचारलं होतं फक्त." मला अजून माफ करता येत नाहीये. बघू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ठमी आता घरी आहे. धावतच गेले तिच्याकडे. अहवाल तिच्या मांडीवर ठेवला. "बघ! सिद्ध झालं! त्यांच्या यंत्रातून आलं. मी नाही आणलं."

तिने कागदाकडे बघितलं नाही. "तू आणलं असं मी कधी म्हटलं होतं?"

"तू नाही, पण..."

"मग मला कशाला दाखवतेस?"

मला राग आला. महिनाभर मी एकटी भिंतींना टकरा देत होते, ते कोणासाठी? तसं बोलून दाखवलं. गादीवाला स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

ठमी म्हणाली, "एक विचारू? तो पुढे सरकतो ते आपल्याच प्रथिनाने ना?"

"हो."

"भिंत सैल पडते ती आपल्याच पेशीची."

"हो, पण तो..."

"आणि मग शेजारची पेशी त्याला आत घेते. स्वतः."

"ठमे..."

"म्हणजे माझ्या अंगानेच त्याला बाळापर्यंत नेऊन पोचवलं. आणि शेक मीच पीत होते. शेजारणीचाही. चांगला लागायचा." हे सगळं ती अगदी साध्या आवाजात बोलली, बसची वेळ विचारावी तसं. "तू एवढं सगळं समजावलंस, ताई. मला ते आधीच समजलं होतं."

मी सांगितलं की तुझा काही दोष नाही. तिने मान हलवली, आपण विक्रेत्याला हलवतो तशी. मी निघाले. खाली गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिला हे कधीपासून वाटत होतं? मी रोज तिथे होते. रोज!

५ मार्च, गुरुवार

गणिताच्या बाईंना मुलगी झाली. दिवस भरायला थोडे कमी, पण तीन किलोच्या आसपास, आणि रडते म्हणे असं की वर्ग दणाणून जावा. त्यांनी ठमीला फोटो पाठवला. मला इतकी चीड आली! चांगली बाई आहे, पण ही काय वेळ आहे? मी ठमीला म्हटलं, पुसून टाक तो. ती म्हणाली, "मला बघायला जायचंय. सोडतेस?"

"तिथे? वेड लागलंय का?"

"गाडी काढतेस की टॅक्सी बोलावू?"

७ मार्च, शनिवार

गेलो. वाटेत मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने रेडिओ लावला.

मी दारात उभी राहिले. गणिताच्या बाई सरकल्या, ठमीला खाटेवर जागा दिली आणि मुलगी तिच्या हातात ठेवली. मला वाटलं, आता ठमी कोसळणार, म्हणून पुढे झाले. गादीवाल्याने माझ्या कोपराला धरलं. तो आमच्या आधीच येऊन बसला होता. ठमीने मुलीचं टोपडं नीट केलं, बोटं उघडून बघितली. मुलीने जांभई दिली. ठमी म्हणाली, "काय ग, कंटाळलीस इतक्यात?" मग तिला परत दिलं, उठली आणि बाहेर आली.

मी लिफ्टकडे वळले. ती वळली नाही. सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालत गेली. मी मागून धावले. माझं भाषण तयार होतं, महिनाभर घोटलेलं. "डॉक्टर, तुम्ही..." एवढं म्हणते तोच ठमी म्हणाली, "ताई, तू गप्प बस."

डॉक्टर उठले. "या, या. आलात ते बरं केलंत. मन मोकळं करा."

"मन मोकळं करायला आले नाही." ती खुर्चीवर बसली. "माझ्या बाळाच्या कागदावर तुम्ही लिहिलंय, आईकडून झालेला संसर्ग."

"हो, वैद्यकीय भाषेत तसंच लिहितात. आईच्या रक्तातून बाळाला..."

"मला कुठून झाला?"

"तो वेगळा विषय..."

"वेगळा नाही. तो कागद मी रोज वाचते. रोज त्यावर मीच असते. तुमचं यंत्र कुठेच नाही, तुमचे दोन दिवस कुठेच नाहीत. एकटी मी. ते बदला."

"असं लगेच बदलता येत नाही. भाषा ठरलेली असते."

"मग भाषा बदला!" आणि तिने त्यांच्या टेबलावर हात आपटला. पेनं उडाली, काचेखालचे फोटो हलले. चौतीस वर्षांत हिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "सरकारचा अहवाल तुमच्याकडे आहे. आईला कुठून झाला तेही लिहा. मी थांबते. आडवं पडून वाट बघायला तुम्हीच शिकवलंत मला. बसून तर कितीही वेळ बघेन."

दारात नर्स जमल्या. गादीवाला आला, गणिताच्या बाईंचा नवरा आला, संत्री अडवणारी ती दारावरची बाईही आली. डॉक्टरांनी व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक काहीतरी कुजबुजला. ठमी म्हणाली, "मोठ्याने बोला, माझ्या घरातली गोष्ट आहे." मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडायची गरज पडली नाही. बरं वाटलं म्हणू, की वाईट? दोन्ही.

शेवटी त्यांनी लिहिलं. आईला संसर्ग प्रसूतिगृहात दिलेल्या पेयातून झाला, निदानास विलंब झाला. ठमीने ते त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. "विलंब" म्हणताना आवाज घसरला, तेव्हा म्हणाली, "तो शब्द परत." त्यांनी परत वाचला. सही, शिक्का. तिने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आभार न मानता उठली.

गादीवाला दुकानाकडे गेला. जाताना ठमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "सावकाश न्या, ताई." मी म्हटलं, "हो. आणि जेवायला या आमच्याकडे. म्हणजे तुम्ही दोघं." एवढंच जमलं.

गाडीत बसल्यावर ठमीने दार आपटलं, पट्टा लावला आणि किंचाळायला लागली. शब्द नव्हतेच. मधूनच शिव्या, त्या जंतूला, डॉक्टरला, रबराच्या कडीला, मला, देवाला. समोरच्या फळीवर मुठी मारत होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच वर करून घेत आमच्याकडे बघायला लागला. माझ्या जिभेवर दहा गोष्टी होत्या. तिचा दोष कसा नाही याची कारणं, क्रमाने, पुराव्यासकट.

हिरवा लागला. मी गियर टाकला आणि गाडी लांबच्या रस्त्याने काढली.